मारिओत काँट्रावाला घुसवायचा कसा (आणि त्यात मी कुठं कुठं आपटलो)

गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या जत्रेला, भाचा आलता पुण्याहून. होम मैदानावर दोन दिवस पाळणे, भेळ, मौत का कुआँ सगळं झालं, तिसऱ्या दिवशी पोरगं कंटाळलं आणि माळ्यावर चढलं. तिथं त्याला आमचा जुना कॅसेटचा डबा सापडला, पिवळ्या कॅसेटा, वर ९९९९९९ इन १ लिहिलेलं, आत खरं म्हणजे सात-आठच गेम आणि बाकी सगळे तेच तेच. टीव्ही गेम कधीच मेलाय म्हणून मी त्याला लॅपटॉपवर मारिओ लावून दिला, मग काँट्रा लावून दिला, आणि तासाभराने त्यानं विचारलं, "मामा, हा बंदूकवाला मारिओत येत नाही का?"

मी म्हटलं, येतोय की बे, का येत नाही.

म्हटलं खरं, पण आणायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथं लिहायलोय, कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नाही, आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीनं हेच दोन गेम घासलेत. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अर्ध्याच्या वर रस्ता तुम्ही जाऊ शकता. पुढचा अर्धा जरा चढाचा आहे.

आधी एक ठरवा: ताणा कुठला आणि बाणा कुठला

आमचं घर पूर्व भागातलं, लहानपण मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळं मला हे असंच सुचतं. चादर विणताना ताणा आधी मागावर चढतो, तो एकदा चढला की रुंदी ठरली, धाग्यांची संख्या ठरली, आता त्यात बदल नाही. बाणा नंतर येतो आणि तो जातो ताण्याच्या मधूनच. दोन गेम मिसळताना पण एक गेम ताणा असतो, म्हणजे त्याचं इंजिन, त्याची उडी, त्याचा स्क्रीन सरकायचा प्रकार, हे सगळं तसंच राहणार. दुसरा गेम त्यात विणायचा. दोन्ही गेम ताणा करायला गेलात तर नुसता गुंता होतो, मी पहिला आठवडा त्यातच घालवला, मला दोन्हीकडचं सगळंच पाहिजे होतं.

आपल्या उदाहरणात ताणा म्हणजे १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स, आणि बाणा म्हणजे काँट्रा, जो आर्केडला १९८७ मध्ये आला आणि घरच्या मशीनवर (एनईएस) १९८८ मध्ये. उलटं का नाही? कारण मारिओची फाइल साधी आहे. काँट्राच्या कॅसेटमध्ये चित्रांची वेगळी चिप नाहीच, चित्रं दाबून-दाबून कोडबरोबरच भरलेली असतात आणि खेळताना उलगडून मेमरीत टाकली जातात, त्यामुळं ती फाइल टाइल एडिटरमध्ये (चित्रांचे छोटे चौकोनी तुकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडली की नुसत्या मुंग्या दिसतात. मारिओची चित्रं मात्र उघडी पडलीत, एका रांगेत, जशीच्या तशी.

कुणी म्हणेल हे तर आधीच झालंय. झालंय ना. २०१० मध्ये सुपर मारिओ ब्रदर्स क्रॉसओव्हर नावाचा फॅननं केलेला गेम आला होता, त्यात मारिओच्या लेव्हलमध्ये काँट्राचा बिल (तोच आपला बंदूकवाला), झेल्डाचा लिंक, मेगा मॅन, मेट्रॉइडची सेमस, सायमन असे दुसऱ्या गेमचे हिरो सगळे खेळता यायचे, प्रत्येकाची आपापली चाल आपापलं हत्यार. पण तो फ्लॅशमध्ये शून्यापासून बांधलेला होता, जुनी फाइल बदललेली नव्हती. आपण जुन्या कपड्यावरच भरतकाम करणार आहोत, म्हणून अडचणी पण वेगळ्या.

सामान

साधा विंडोजचा कॉम्प्युटर, दहा वर्षं जुना असला तरी पळतोय. त्यावर चार गोष्टी, चारही फुकट. एक, एफसीईयूएक्स नावाचा एम्युलेटर (जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम), हाच घ्या कारण यात खेळता खेळता मेमरीत डोकावता येतं. दोन, वायवाय-सीएचआर, टाइल रंगवायला. तीन, कुठलाही हेक्स एडिटर (फाइलमधले कच्चे आकडे सोळाच्या गणतीत, म्हणजे हेक्समध्ये, दाखवणारा), एफसीईयूएक्समध्ये पण एक असतोच. चार, पॅच (फक्त बदलांची छोटी फाइल) बनवायला फ्लिप्स किंवा लुनार आयपीएस.

आणि मारिओची रॉम, म्हणजे कॅसेटमधला गेम फाइल करून. इथं स्पष्ट बोलतो, रॉमची लिंक माझ्याकडं मागू नका, मी देत नाही, गेम कॉपीराइटचा आहे. आपली स्वतःची कॅसेट असेल तर तिच्यातून काढायची मशीन मिळते. आपल्या त्या पिवळ्या कॅसेटांचा मात्र उपयोग नाही, त्यातले गेम आधीच कुणीतरी कापून-चिरून बसवलेले असतात, त्याच्यावर केलेलं काम दुसऱ्याच्या फाइलवर बसणार नाही.

फाइल बरोबर आहे का ते बघायचं सोपं: साइज बघा. नेमकी ४०,९७६ बाइट पाहिजे. त्यात पहिले १६ बाइट म्हणजे नुसतं लेबल, पुढचे ३२,७६८ बाइट कोड आणि लेव्हल, आणि शेवटचे ८,१९२ बाइट चित्रं. बत्तीस लेव्हलचा अख्खा संसार, त्यातल्या त्या सगळ्या पाइप आणि गुप्त खोल्या, ४० केबीमध्ये. आज भाच्याच्या आईनं पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.

मूळ फाइलची एक कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकून ठेवा आणि तिला हात लावू नका. शेवटी पॅच बनवताना ती लागणार आहे. आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, माझं बिलचं अख्खं डोकं दोनदा गेलंय.

चित्रं: ग्राफ पेपरचं काम

वायवाय-सीएचआरमध्ये फाइल उघडा, फॉरमॅट २बीपीपी एनईएस ठेवा. सुरुवातीला सगळा कचरा दिसेल, तो कोड आहे, घाबरू नका. हेक्समध्ये ८०१० या पत्त्यावर जा, तिथून चित्रं चालू होतात. एकूण ५१२ टाइल, प्रत्येक ८ बाय ८ चौकोनांची. पहिल्या २५६ हलणाऱ्या गोष्टींच्या म्हणजे मारिओ, कासवं, गुंबा (तो बुटका चालणारा शत्रू), मशरूम, आणि नंतरच्या २५६ मागच्या पडद्याच्या, म्हणजे विटा, पाइप, डोंगर, अक्षरं.

हे बघून मला आमच्या शेजारचे डिझाइनवाले काका आठवले. ते चादरीचं डिझाइन ग्राफ पेपरवर चौकोन-चौकोन भरून काढायचे, मग त्यावरून जकार्डची कार्डं पंच व्हायची, भोक आहे म्हणजे धागा वर, भोक नाही म्हणजे खाली. टाइलचं गणित तेच आहे, फक्त इथं चौकोनाला दोनऐवजी चार पर्याय आहेत: तीन रंग आणि एक आरपार. प्रत्येक चौकोनाला दोन बिट, चौसष्ट चौकोन, म्हणून एक टाइल १६ बाइटची. काकांना मी हे दाखवलं तर ते चष्मा वर करून एवढंच म्हणाले, "मग यात नवीन काय हाय?"

त्यांनीच एक कामाची गोष्ट सांगितली, की रंगवायला घेण्याआधी एकच तुकडा डिझाइनमध्ये किती वेळा परत येतोय ते मोजून घे. मी ऐकलं नाही आणि मार खाल्ला. तुम्ही ऐका.

मोठा मारिओ दोन टाइल रुंद आणि चार उंच, म्हणजे १६ बाय ३२. चालतानाच्या तीन पोझ, घसरायची एक, उडीची एक असं सगळं ओळीत दिसतं. पण उभा राहिलेला मारिओ अख्खा कुठंच सापडत नाही. कारण त्याचं डोकं चालण्याच्या पहिल्या पोझमधून उसनं घेतलेलं आहे, कंबर वेगळी, आणि पाय तर एकच काढलाय, दुसरा पाय म्हणजे त्याच टाइलचा आरसा. मी बिलच्या एका मांडीला चाकू लटकवला, झ्याक दिसला, आणि गेम चालू केला तर दोन्ही मांड्यांना दोन चाकू, समोरासमोर. मग काढून टाकला.

दुसरी गोष्ट बंदूक. काँट्रातला गडी बंदूक लांब धरून पळतो, आपल्याकडं रुंदी फक्त १६ चौकोन. बाहेर एक चौकोन पण जात नाही. म्हणून नळी आखूड करून छातीशी धरायला लावा, हात दुमडलेला काढा. ओळखू येतं, कारण काँट्राचा माणूस आपण ओळखतो तो कपाळाच्या पट्टीवरून आणि उघड्या अंगावरून, बंदुकीच्या लांबीवरून नाही. मूळ चित्र बघायला काँट्रा एफसीईयूएक्समध्ये चालवा, मध्येच थांबवा आणि पीपीयू व्ह्यूअर उघडा, त्या क्षणी मेमरीत उलगडलेल्या सगळ्या टाइल समोर दिसतात. त्याचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवून हातानं काढा. जशीच्या तशी उचलायच्या नादाला लागू नका, मापं जुळत नाहीत आणि उचललेलं बसत पण नाही, वाकडं दिसतं.

तिसरा खड्डा सगळ्यात मजेदार. मला वाटलं झुडपांच्या जागी काँट्राचं जंगल काढावं, झावळ्या वगैरे. काढलं. गेम चालू केला तर आभाळात पण जंगल! मारिओतलं झुडूप आणि ढग ही एकच टाइल आहेत, खाली हिरव्या रंगात लावली की झुडूप आणि वर पांढऱ्या रंगात लावली की ढग. जागा वाचवायला केलेलं. चाळीस केबीत संसार असाच बसतो. यावर उपाय दोनच, एक तर असं काहीतरी काढा जे दोन्हीकडं चालेल, मी स्फोटाच्या धुरासारखा गोळा काढला, खाली झाडी वाटते आणि वर धूर. नाहीतर झुडपं सोडून द्या.

आणि एक ताकीद: मागच्या पडद्याच्या टाइलमध्ये अगदी शेवटी वीसेक टाइल कचऱ्यासारख्या दिसतात. रिकामी जागा समजून तिथं काही काढू नका. तो कचरा नाही, सुरुवातीच्या टायटल स्क्रीनची मांडणी तिथं लपवून ठेवलीय, कोडमध्ये जागा उरली नसेल म्हणून चित्रांच्या पोटात घातली. मी तिथं बिलचं थोबाड काढून ठेवलेलं, नंतर वापरू म्हणून, आणि टायटल स्क्रीनचा पार चिवडा झाला.

रंग

टाइलमध्ये रंग नसतात, फक्त एक-दोन-तीन असे नंबर असतात, कुठल्या नंबरला कुठला रंग ते कोडमध्ये वेगळं लिहिलेलं. हेक्स एडिटरमध्ये २२ १६ २७ १८ ही ओळ शोधा, हा मारिओ: लाल, कातडीचा नारिंगी, आणि मातकट. त्याच्या लगेच पुढं २२ ३० २७ १९, हा लुइजी, त्याची वेगळी चित्रं नाहीतच, तोच मारिओ पांढऱ्या-हिरव्यात. आणि त्याच्या पुढं २२ ३७ २७ १६, हा आग फेकणारा मारिओ. पहिलं २२ म्हणजे आभाळाचा निळा, तो राहू द्या.

काँट्रात पहिल्या प्लेअरची पँट निळी आणि दुसऱ्याची लाल. म्हणून मी मारिओच्या ओळीत १६ च्या जागी १२ टाकलं, निळा आला, लुइजीच्या ३० च्या जागी १६ टाकलं, लाल आला. कातडीचा २७ तसाच ठेवला. पण पुढं आपण गड्याला कायमचा आगवाला करणार आहोत, आणि आगवाल्याचा रंग तिसऱ्या ओळीतून येतो, त्यामुळं मी पहिल्या ओळीत केलेली सगळी रंगरंगोटी स्क्रीनवर येईचना. अर्धा तास मी सेव्हच होत नाही समजून बसलो होतो. तिसरी ओळ पण बदला.

आता खरा मिसळायचा भाग

इथपर्यंत जे झालं ते म्हणजे मारिओला काँट्राचे कपडे. पुष्कळ जण इथंच थांबतात आणि मॉड (बदललेला गेम) म्हणून टाकून देतात. माझ्या मते हे मिसळणं नाही, जत्रेतला फोटो आहे, भोकातून तोंड काढून वाघावर बसल्यासारखा. दुसऱ्या गेमचा निदान एक नियम तरी आत आला पाहिजे. एकच, पण चालणारा.

काँट्राचा नियम काय? एक, बंदूक हातात कायम असते, कमवावी लागत नाही. दोन, एक धक्का लागला की मेला.

पहिला नियम कोड न लिहिता करून बघता येतो. एफसीईयूएक्समध्ये टूल्समध्ये चीट्स उघडा, पत्ता ०७५६, किंमत ०२, ॲड करा. ०७५६ हा मेमरीतला तो खण आहे जिथं मारिओची अवस्था ठेवलेली असते, ० म्हणजे साधा, १ म्हणजे मशरूम खाल्लेला, २ म्हणजे आगवाला. तो २ वर गोठवला की पहिल्या पावलापासून बी दाबलं की गोळी.

आता एक गंमत बघा. गुंब्याला धडका. मरत नाही. मारिओची उंची वेगळ्या खणात, ०७५४ मध्ये असते, आणि धक्का लागला की कोड फक्त उंची पलटवतो, मोठा असेल तर छोटा, छोटा असेल तर मोठा. मरण तेव्हाच, जेव्हा ०७५६ मध्ये शून्य असतं, आणि आपण तर ते शून्य होऊच देत नाही. म्हणून आमचा बिल धक्के खाऊन खाऊन वर-खाली होत राहतो, हार्मोनियमच्या भात्यासारखा. भाच्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तो पोट धरून हसला. पण हा काँट्रा नाही, काँट्राच्या बरोबर उलट आहे, कारण आता खड्ड्यात पडल्याशिवाय किंवा वेळ संपल्याशिवाय मरणच नाही.

म्हणून कोडमध्ये उतरावं लागतं. भीती वाटते पण एक मोठी सोय आहे, या गेमचा सगळा कोड लोकांनी ओळ अन् ओळ उलगडून, प्रत्येक ओळीपुढं टीप लिहून ठेवलेला आहे. ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली (थेट प्रोसेसरला कळणाऱ्या हुकुमांची भाषा) आहे, शब्द तीन-तीन अक्षरांचे, एकूण ५६ प्रकारचे. सगळे शिकायची गरज नाही, दहा-बारा कळले तरी वाचता येतं. त्यात इजा होण्याचा भाग शोधा. तिथं एक अट आहे: अवस्था शून्य असेल तरच मारायच्या भागात जा, नाहीतर छोटा कर. ती अट काढून सरळ मारायच्या भागात पाठवा. झालं, एक धक्का एक जीव.

कायमची बंदूक पण कोडमध्येच घालावी लागेल, कारण चीट तुमच्या एम्युलेटरमध्ये राहते, फाइलमध्ये नाही, दुसऱ्यानं खेळलं तर त्याचा बिल रिकाम्या हातानंच उभा राहणार. नवीन जीव सुरू होतो तिथं कोड अवस्थेत शून्य टाकतो, आपल्याला दोन टाकायचंय. पण तो कंजूष आहे, एकच शून्य हातात धरून चार-पाच खणांत टाकत जातो, मधल्याच एकाला दोन द्यायचं म्हणजे दोन-चार बाइट जास्त लागतात आणि या फाइलमध्ये मोकळी जागा जवळजवळ नाहीच. कुठलंतरी काम आखूड करून ती जागा काढावी लागते. मला या एका दोनासाठी चार रात्री लागल्या. खोटं कशाला बोलू.

गोळी आणि तिचे टप्पे

आता गोळी. आगीचा गोळा एका टाइलमध्ये मावतो, त्याच्या दोन पोझ आहेत, त्या जागी काँट्राची गोल गोळी काढली, पाच मिनिटांचं काम. पण सुटली की ती टप्पे खात जाते! कारण चित्र बदललं तरी चाल मारिओचीच आहे. गोट्या खेळल्यासारखी बंदूक.

चाल दोन आकड्यांवर आहे: गोळा सुटताना खालच्या दिशेचा वेग ४, आणि त्याला सतत खाली ओढणारा जोर, हेक्समध्ये ५०. दोन्ही शून्य केले की गोळी सरळ जाते. मी केले, खूश झालो, पहिल्या गुंब्यावर झाडली आणि गोळी त्याच्या डोक्यावरून निघून गेली. गोळी सुटते मारिओच्या डोक्याच्या उंचीवरून आणि गुंबा त्याच्या कमरेएवढा. काँट्रात यावर उपाय आहे, आडवं पडून गोळी मारायची. मारिओत आडवं पडता येत नाही, खाली बसता येतं, पण बसलेला असेल तर गोळी सोडायचीच नाही असं कोडमध्ये लिहून ठेवलंय.

म्हणजे बघा, मारिओनं गोळ्याला टप्पे दिले ते उगाच नाहीत. त्याचे शत्रू बुटके आहेत आणि जमिनीवरून चालतात, टप्पे खाणारा गोळाच त्यांना लागू शकतो. काँट्राचे शत्रू माणसाच्या उंचीचे, म्हणून सरळ गोळी. दोन्ही गेम आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि मिसळताना नेमकं अशाच ठिकाणी धागा तुटतो.

माझ्याकडं तीन रस्ते होते. बसून गोळी मारायची परवानगी द्यायची, म्हणजे ती एक अट काढायची. पण तेवढ्यानं भागत नाही, बसला तरी गोळी डोक्याच्या जुन्याच उंचीवरून सुटते, ती उंची पण खाली आणावी लागते. दुसरा रस्ता, उंची सरसकट सोळा चौकोन खाली करायची, मग गोळी कंबरेतून सुटते आणि गुंब्याला बसते, पण उडणाऱ्या कासवांना मारायला उडी मारावी लागते. तिसरा, टप्पे राहू द्यायचे. मी दुसरा घेतला. उडी मारून मारणं हे मारिओचं आणि सरळ गोळी काँट्राची, दोघांचा मान राहतो. तुम्ही पहिला घेतलात तर तो पण चांगला गेम होईल, फक्त जास्त काँट्राकडं झुकेल.

एका वेळी स्क्रीनवर दोनच गोळ्या हा मारिओचा नियम मी मोडला नाही. काँट्राची एस गन एका दाबात पाच गोळ्या फेकते, ते इथं आणायचा मोह झाला होता, पण या मशीनला एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट (हलणाऱ्या चित्रांचे तुकडे) दाखवता येतात, दोन मारिओचेच जातात, त्यात दोन गुंबे आले की गोळ्या लुकलुकायला लागतात. आणि पाच गोळ्या मिळाल्यावर पहिली लेव्हल नुसती चालत पार होते, मजाच जाते.

पॅच बनवा, रॉम वाटू नका

काम झालं की फ्लिप्स उघडा, क्रिएट पॅच, आधी मूळ फाइल द्या (ती कॉपी ठेवली होती ना?), मग बदललेली. तो दोन्हीतला फक्त फरक काढून छोटी फाइल देतो. ती वाटायची. समोरच्यानं त्याच्याकडच्या रॉमवर लावायची.

पॅचचे दोन प्रकार मिळतील, आयपीएस आणि बीपीएस. बीपीएस घ्या. आयपीएस आंधळा आहे, चुकीच्या फाइलवर पण मुकाट्यानं लागतो आणि मग लोक तुमच्या नावानं बोंबलतात की गेम चालत नाही. बीपीएसमध्ये मूळ फाइलचा चेकसम (ओळख पटवणारा आकडा) असतो, फाइल दुसरी असेल तर तो लागतच नाही. बरोबर एक टेक्स्ट फाइल टाका: मूळ रॉम किती बाइटची पाहिजे, काय काय बदललंय, व्हर्जन कुठलं.

कायद्याचं एवढंच, की पॅच वाटला म्हणून सगळं माफ होतं असं नाही. पात्रं कंपन्यांची आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका फॅननं कित्येक वर्षं खपून केलेला मेट्रॉइड २ चा रिमेक, एएम२आर, बाहेर आला आणि काही दिवसांतच कंपनीच्या नोटिसा येऊन डाउनलोड बंद झाला, फुकट असूनही. म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, जाहिरात करायची नाही, कंपनीचा लोगो लावायचा नाही. आवड म्हणून करा आणि दोस्तांत खेळा.

याच्या पुढं जायचं असेल तर

दोन गेम खरोखर अख्खेच्या अख्खे एकत्र खेळायचे असतील तर एसएमझेड३ नावाचा रँडमायझर (वस्तूंच्या जागा उलटसुलट करणारा मॉड) बघा. त्यात १९९१ चा झेल्डा, अ लिंक टू द पास्ट, आणि १९९४ चा सुपर मेट्रॉइड एकाच फाइलमध्ये बसवलेत. लिंक ज्योतिष्याच्या घरात शिरतो आणि पलीकडं सेमस होऊन परग्रहावर बाहेर पडतो. वस्तू पण मिसळलेल्या, सेमसचं मिसाइल झेल्डाच्या पेटीत सापडतं आणि लिंकची तलवार तिकडं कुठंतरी गुहेत. शेवटी गॅनन आणि मदर ब्रेन, दोन्ही गेमचे शेवटचे शत्रू, दोघांनाही मारल्याशिवाय गेम संपत नाही. मी वर म्हटलं की दोन ताणे चढवू नका, आणि या लोकांनी नेमकं तेच केलंय, दोन अख्खे माग शेजारी लावून मधे दरवाजा ठेवलाय. मानलं पाहिजे. पण ते एकट्याचं तीन आठवड्यांचं काम नाही.

आणि ज्यांना रॉमच्या भानगडीतच पडायचं नाही त्यांनी डूमकडं जा. डूम हा १९९३ चा गोळीबाराचा गेम, त्याचं इंजिन १९९७ मध्ये बनवणाऱ्यांनीच खुलं केलं, त्यावरूनच बनलेला जीझेडडूम फुकट मिळतो, आणि मूळ गेमच्या फाइलऐवजी फ्रीडूम नावाचा पूर्ण मोकळा संच वापरता येतो. मॉडची फाइल म्हणजे पुष्कळदा साधी झिप असते, ओढून टाकली की चालू. दोन मॉड एकदम टाकले आणि दोघांनीही एकाच राक्षसाला बदललेलं असेल तर नंतर टाकलेला जिंकतो, म्हणून क्रम उलटा करून बघा. मेगा मॅन ८-बिट डेथमॅच नावाचा गेम याच डूमच्या घराण्यावर उभा आहे, बघून विश्वास बसत नाही.

बाकी आमचा बिल आता पहिल्या लेव्हलच्या झेंड्यापर्यंत पोचतो, खांबाला लटकून खाली येतो, बंदूक छातीशी धरलेलीच. चढायच्या पोझच्या टाइल मी रंगवायच्या विसरलोय, त्यामुळं खांबावर दोन सेकंद त्याला मिशा फुटतात. भाचा म्हणतो राहू दे मामा.